भेटीपुरती सुई

बाथरूमच्या दाराबाहेर ताई फरशीवर मांडी घालून बसली होती आणि तिच्या मागे उभा राहून त्या घरचा मुलगा म्हणत होता, की आता पुरे झालं, दार तोडू या. दार तसं लेचंपेचंच होतं, खांद्याचा एक धक्का बसला असता तर आत पडलं असतं. ताईने मान वर न करता नुसता हात करून त्याला थांबवलं. आत त्याची म्हातारी आई होती आणि तिच्या मुठीत घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या होत्या. पोटात किती गेल्या आणि मुठीत किती राहिल्या, हे बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताईचं हे रोजचंच काम. मानसिक आरोग्य केंद्रात ती नोकरीला होती, पण खुर्चीत बसून पेशंट तपासणाऱ्यांतली नव्हे. फोन आला की ज्या घरात आकांत चालला असेल तिथे जाऊन पोचायचं. कुणी गच्चीच्या कठड्यावर चढलेलं असे, कुणी स्वतःला कोंडून घेतलेलं, कुणी भिंतीकडे तोंड करून चार दिवस अन्नाला न शिवलेलं. कुठेही गेली तरी ती बंद दाराशी बसलेली दिसायची, म्हणून लोक तिला दारावरची बाई म्हणत. चेष्टेने म्हणत, आणि आपल्या घरात काही झालं की तिलाच बोलावत. तिचे नेम दोन. दार उघडा असं ती तोंडाने कधी म्हणत नसे. आणि दाराआडच्या माणसाशी खोटं बोलत नसे, अगदी जीव वाचवण्यासाठीसुद्धा नाही. तिचं म्हणणं असं, की एकदा खोट्यावर उघडलेलं दार पुन्हा कशानेच उघडत नाही.

तिने बसल्या बसल्या मान वळवून खोली पाहिली. खोली कसली, दीड खोली. खिडकीपाशी पायाने चालवायचं शिवणयंत्र, वर्षानुवर्षं तळवे घासून पायपट्टी गुळगुळीत झालेली. सुईखाली लहान मुलीचा फ्रॉक तसाच दाबून ठेवलेला, एक बाही लावलेली, दुसरी बाजूला.

"मावशी," ताई दाराला म्हणाली, "मशीनवर फ्रॉक राहिलाय. एकच बाही लागलीय. दुसरी उलटी लागणार असं दिसतंय."

आतून आवाज आला, ओला आणि चिडका. "उलटी कशी लागेल? खूण केलीय मी खडूची."

"मला नाही दिसत खूण."

"डोळे आहेत का बटणं?"

मागे मुलाला हसू फुटलं आणि लगेच त्याने तोंडावर हात ठेवला. ताईने कबूल केलं, की शिवणातलं मला ओ की ठो कळत नाही, साधं बटण लावलं तरी दोन दिवसांत निघून हातात येतं. मग दाराआडून मावशीने तिला बाही कशी बसवायची ते समजावून सांगायला घेतलं. चुण्या कुठे घ्यायच्या, खांद्याच्या शिवणीशी बाहीचा मध्य कसा जुळवायचा, घाई केली की लेकराच्या काखेत कसं काचतं. सांगता सांगता आवाज कोरडा झाला. आणि मग एकदम थांबून ती म्हणाली, "ते मशीन हलवणारेत ती दोघं."

गोष्ट एवढीच होती. सून रात्रपाळीला फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची आणि दिवसा झोपायची. तिच्या उशापासून मशीन हातभर अंतरावर. झोप लागते न लागते तोच खडखड सुरू. गेली कित्येक वर्षं रात्री लोकांच्या शिव्या आणि दिवसा मशीन. ती काही वाईट बाई नव्हती; झोप न मिळालेली बाई होती. आदल्या संध्याकाळी तिने सांगून टाकलं होतं, "आई, त्या जागी मला पलंग टाकायचाय. तुम्हाला आता शिवून कुठल्या राणीचे कपडे पुरे करायचेत?" मावशीने मुलाकडे पाहिलं. मुलगा बूट काढत होता, तो बूटच काढत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने कडी लावून घेतली.

"मशीन हलणार नाही," ताई म्हणाली. "आपण हॉस्पिटलात जाऊ, पोटातलं बाहेर काढू. तुम्ही परत याल तेव्हा मशीन इथेच असेल. मी बघते."

"तू कोण बघणारी?"

"दारावरची बाई. मी खोटं बोलत नाही मावशी. विचारा कुणालाही."

कडी निघाली.

माणूस कशावर उभा असतो, असं कुणी विचारलं तर आपण चटकन सांगू, पायांवर. पण पाय सगळ्यांनाच असतात आणि तरी माणसं कोसळतात. कुणी लेकरावर उभं असतं, कुणी देवावर, कुणी रोज सकाळी दारात येणाऱ्या एका मांजरावर. ज्याचं त्याला ठाऊक. ही म्हातारी एका पायपट्टीवर उभी होती. नवरा गेला तेव्हा तिने तेराव्या वर्षापासून येत असलेलं काम पुन्हा हातात घेतलं, पोराला त्या मशीनवर शिकवलं, त्याचं लग्न त्याच मशीनवर उभं केलं. आणि हे ताईला दाराबाहेर बसल्या बसल्या कळलं होतं, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवायला हवं.

मावशीला घरी सोडायचं त्या दिवशी हॉस्पिटलच्या बोळकांडीत ताई मुलाला आणि सुनेला भेटली. अशा वेळी घरच्यांना काही गोष्टी सांगाव्या लागतात. औषधांना कुलूप घाला. टोकदार, धारदार, गळ्याशी नेता येईल असं सगळं नजरेआड करा. बाथरूमची आतली कडी काढून टाका. एकटं सोडू नका. हे शंभर घरांत सांगून सांगून तिच्या जिभेवर असं बसलं होतं, जसं बसच्या वाहकाच्या जिभेवर थांब्यांची नावं बसतात. त्याच वेळी तिचा फोन वाजत होता. पुलाच्या कठड्यावर कुणीतरी पोरगी उभी होती. ताईने सांगायचं ते सांगितलं, मावशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि धावत निघून गेली.

सगळं, असं ती म्हणाली होती. कुठवर, ते म्हणाली नाही. समोर शिवणकाम करणारी बाई बसली आहे, हेही त्या घाईत तिला आठवलं नाही. चूक म्हणावी तर त्यात नियमाबाहेर काहीच नव्हतं. पुलावरची पोरगी वाचली, हेही खरं.

पहिल्या भेटीला ताई गेली तेव्हा सुनेने तिला घर दाखवलं, नवं घर दाखवतात तसं. ही बघा, कडी काढली. हे बघा, सुऱ्या शेजारणीकडे ठेवल्यात, भाजी चिरायची तर तिच्या ओट्यावर जाऊन चिरते. पडदे काढले, पडद्याची दोरी काढली. काचेचे पेले गेले. आईंना ताट नाही, प्लॅस्टिकचा वाडगा. केसांत पिना असतात, म्हणून केसच कापून टाकले, आता पिनांचा प्रश्नच नाही. मुलगा कामावर जायच्या घाईत होता, तरी दारात थांबून म्हणाला, "ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. उलट थोडं जास्तच."

खिडकीपाशी पलंग होता. नवा, रुंद, त्यावर फुलाफुलांची चादर.

मावशी कोपऱ्यात एका गादीवर बसली होती. अंगात सैल, बिनबटणांचा, बिननाडीचा गाऊन. कापलेल्या केसांमुळे डोकं एवढंसं झालेलं. डोळे ताईच्या रोखाने लागले होते, पण ताईवर नाही, तिच्या जरा बाजूला. चष्मा नव्हता. चष्म्याला काच असते.

"कोण आलंय?"

"मी, मावशी."

"आवाज ओळखीचा आहे," मावशी म्हणाली. तिने हातांनी गादी चाचपली, जणू आवाज तिथेच कुठे पडला असेल. "दारावरची ना गं तू? हे सगळं तू सांगितलंस?"

सून ताईकडे बघत होती. ताई म्हणाली, "हो. मी सांगितलं."

"मशीनसुद्धा?"

"मशीनचं नव्हतं सांगितलं. पण मशीन राहू द्या, असंही सांगितलं नाही."

"म्हणजे सांगितलंसच," मावशी म्हणाली. त्यात राग नव्हता. शिवण उसवून पाहावी आणि दोष कुठे आहे ते कळावं, तसं.

मशीन सुनेच्या बहिणीकडे गेलं होतं. ताईने मुलाला जिन्यात गाठलं. ती म्हणाली, की आईंना घरात काम हवं. मशीन आणा, कात्री तुमच्या ताब्यात ठेवा, तुम्ही समोर असताना द्या, पण द्या. मुलाने नीट ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "उद्या काही झालं तर तुम्ही जबाबदार राहाल? तुमच्या साहेबांसमोर बोला तसं."

तिने जिन्यातूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर भला माणूस, अकाली पिकलेला. त्याने तिला वर्षभरापूर्वीच्या एका सहकाऱ्याची आठवण करून दिली. त्या सहकाऱ्याने एका तरुण पेशंटच्या बाबतीत असंच जरा सैल सोडा म्हणून सांगितलं, पेशंट गेला, नातेवाईक केंद्राच्या फाटकात बसले, आणि तो सहकारी आता कुठल्याशा कचेरीत कागदांना टाचण्या मारतो. डॉक्टर म्हणाला, की तुमचं म्हणणं मला पटतं, ताई, पण इतक्यात नको.

ताईने फोन ठेवला. मुलाचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते. "पुढे बघू," ती म्हणाली. तिचं तिलाच ते ऐकू आलं.

चष्म्याचं तेवढं तिने लावून धरलं. सून म्हणाली, प्लॅस्टिकच्या काचांचा करून आणू. पुढच्या भेटीला म्हणाली, करायचाय. त्याच्या पुढच्या भेटीलाही म्हणाली, करायचाय.

सुट्टीच्या दिवशी ताई त्या बहिणीकडे जाऊन आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला चकचकीत घर. मशीन बैठकीच्या खोलीत भिंतीशी होतं, वरचं यंत्र आत मुडपलेलं, वर काचेची पेटी, पेटीत चार मासे. बहिणीने हसून सांगितलं, की आमच्याकडे शिवता कुणालाच येत नाही, पण टेबल म्हणून फार मजबूत आहे हो, हलत नाही अजिबात. ताई थोडा वेळ माशांकडे बघत बसली. मग पाणी पिऊन उठली.

त्या आठवड्यात तिच्या नवऱ्याच्या लक्षात आलं, की बायको आरशासमोर उभी राहून स्वतःच्या चांगल्या सदऱ्याचं बटण दातांनी तोडते आहे. नवरा पाणीखात्यात मीटर तपासायचा, गळती कुठे आहे ते ओळखायची त्याला सवय. तो म्हणाला, "पगार बंद झाला का तुझा, की सरळ कपडेच खायला काढलेस?" ती म्हणाली, की एका बाईंना काम न्यायचंय. त्याने पुढे काही विचारलं नाही. आपला एक शर्ट आणला, त्याची खालची शिवण हाताने टरकन उसवली आणि तिच्या पिशवीवर ठेवला. "हेही घेऊन जा. पण कॉलर नीट कर म्हणावं."

ताईच्या पिशवीत आता एक सुई असायची, औषधाच्या रिकाम्या डबीत कापसात खोचलेली. सोबत एक पांढरं रीळ. कात्री नाही. मावशी दोरा दातांनी तोडायची.

ती दुपारी जायची, दार नुसतं लोटलेलं असायचं. मुलगा कामावर, सून पलंगावर झोपलेली. एकटं सोडू नका असं ताईनेच सांगितलं होतं ना, म्हणून सुनेने एक युक्ती काढली होती. मावशीच्या शिवणाच्या पेटीत रुंद इलॅस्टिकची पट्टी होती, घागऱ्याच्या कमरेला घालतात तसली. तिचं एक टोक सुनेने स्वतःच्या मनगटाला बांधलं होतं, दुसरं सासूच्या. म्हातारी उठली की ओढ बसून हिला जाग येणार. पट्टी खोलीच्या मध्यातून ताणलेली असे. ताई तिच्याखालून वाकून मावशीपाशी जायची. सून तोंड उघडं टाकून झोपायची, डोळ्यांखाली काळं. तिच्याकडे बघून ताईला तिचीही कीव यायची आणि स्वतःची चीडही.

पहिल्या दिवशी ताई दोरा ओवायला लागली तर जमेना. मावशीने आवाजावरून ओळखलं. "आण इकडे." चष्मा नाही, कोपऱ्यात उजेड नाही. तिने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुईचं नाक डाव्या बोटाच्या नखाशी टेकवलं आणि पहिल्याच खेपेला ओवलं. मोकळ्या हाताने बटण चाचपून त्याची भोकं मोजली. मग बांधलेला हात मांडीवर ठेवून दुसऱ्याने टाके घालायला लागली. इलॅस्टिक हलू नये म्हणून तो हात ती दगडासारखा स्थिर ठेवायची.

टाके पडायला लागले की बोलणंही यायचं, अगदी हळू आवाजात. मावशी म्हणायची, की तुझ्या नवऱ्याचे खांदे एकसारखे नाहीत, डावा उतरलेला आहे, काही ओझं उचलायचा का. ताई म्हणायची, मी त्याच खांद्यावर आहे गेली तीस वर्षं. मावशीचं अंग आवाज न करता हसायचं. त्या पोरीचा फ्रॉक राहून गेला, त्याचं काय झालं असेल, असं एकदा तिने विचारलं. सुनेने तो तसाच, एका बाहीचा, परत देऊन टाकला होता. ताईने खरं तेच सांगितलं. मावशी म्हणाली, "बाही तरी द्यायची होती सोबत."

एक दिवस काम संपता संपता ताईने तो प्रश्न विचारला, जो तिच्या धंद्यात सरळच विचारावा लागतो. "मावशी, मरावंसं वाटतं का अजून?"

मावशीने गाठ मारली. "सुई हातात असते तेव्हा नाही. तू डबी बंद केलीस की वाटतं."

हे वरती सांगायला हवं होतं. असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी कळवायचं, असा नियम आहे, आणि नियम वेडा नाही. पण कळवलं तर काय होणार, हे ताईला स्वच्छ दिसत होतं: गादीसुद्धा जाईल. तिने डबी बंद केली, पिशवीत टाकली आणि पट्टीखालून वाकून बाहेर पडली. मागे मावशी मोकळा हात मांडीवर उपडा ठेवून बसली होती. नंतर कितीतरी वेळ ती तशीच बसायची, असं नंतर कळलं.

सापडलं ते एका दोऱ्याच्या टोकामुळे. मावशीने तोडलेलं पांढरं टोक, बोटभरही नसेल, उडून सुनेच्या उशीवर पडलं. ज्या घरात महिनोन्महिने दोरा शिरलेला नाही, त्या घरात उशीवर दोरा. सून दुसऱ्या दिवशी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली.

ती केंद्रात आली तेव्हा तक्रार करायला आली होती, पण खुर्चीत बसल्यावर तिला रडूच आवरेना. ती म्हणाली, "मी तिथे झोपलेली असते डॉक्टर. माझ्या उशाशी सुई. उद्या आईंनी काही केलं असतं तर लोकांनी कुणाचं नाव घेतलं असतं? यांचं? माझंच ना. सूनच वाईट असते ना सगळीकडे." तिचं प्रत्येक वाक्य खरं होतं. डोळे पुसून तिने पुढे शांतपणे सांगितलं, की ही बाई पुन्हा आमच्या घरात दिसली तर आम्ही वरच्या साहेबांकडे जाऊ.

डॉक्टरने ताईला आत बोलावलं. ताईने काही नाकारलं नाही, आणि मावशीचं ते वाक्यही सांगितलं, सुई हातात असते तेव्हाचं आणि नसते तेव्हाचंही. डॉक्टरने कपाळ धरलं.

"दुसरा अर्धा भाग माहीत असून तुम्ही सुई देत राहिलात?"

"पहिला अर्धा भागही तिनेच सांगितलाय, डॉक्टर."

"ताई, पहिला अर्धा मी कुठे नेऊन दाखवू?" तो खरंच विचारत होता. "तुम्ही बरोबर असाल. पण त्या घरी आता तुम्ही जायचं नाही."

ताईने विचारलं, एकदा निरोप घेऊन येऊ का. तो नाही म्हणाला. मग मावशीला निदान एवढं सांगा, की मी न येण्याचं कारण मी नाही. डॉक्टरने मान डोलावली. ते कुणी सांगितलं नसावं.

तिच्या जागी एक तरुण मुलगी जायला लागली, हुशार, गोड बोलणारी. झोप कशी, भूक कशी, विचार येतात का. मावशी सगळ्याला बरोबर उत्तरं द्यायची. ताई कधीतरी तिला विचारायची, काय म्हणतात. मुलगी म्हणायची, शांत आहेत एकदम. ताई इकडे बंद दारांशी बसत राहिली. दारं उघडतही राहिली. पण मी बघते, असं ती आता कुठल्याच दाराला म्हणत नसे.

हिवाळा सरता सरता मावशीला शेवटच्या तपासणीसाठी केंद्रात आणलं. ताई तेव्हा डॉक्टरच्या शेजारच्या टेबलावर होती, मध्ये नुसता लाकडी पडदा. तिला सगळं ऐकू येत होतं.

"झोप लागते, मावशी?"

"हो."

"जेवता?"

"हो."

"मरावंसं वाटतं?"

"नाही."

"काय वाटतं?"

"काही नाही."

मुलगा आनंदात होता. तो सांगत होता, की आता बांधावंसुद्धा लागत नाही, डॉक्टर. बसवलं तिथे बसते. सून म्हणाली, की माझीही झोप होते आता. तिचा चेहरा खरोखरच भरला होता. डॉक्टरने दोघांचं मनापासून कौतुक केलं, इतकं करणारी घरं फार कमी पाहिली म्हणाला, आणि मावशीचं प्रकरण बंद झालं. ताईला त्याच्या आवाजात सुटका ऐकू आली. जीव वाचला होता. केंद्राच्या हिशेबाने ही त्या वर्षातली सगळ्यात चांगली केस होती.

मुलगा औषधाच्या खिडकीपाशी रांगेत गेला, सून त्याच्यामागे. मावशीला त्यांनी बोळकांडीतल्या बाकावर बसवलं होतं. ताई उठली. जायचं नाही ते त्या घरी; बाकाचं कुणी काही म्हणालं नव्हतं. ती जाऊन शेजारी बसली.

केस अजून तसेच, आखूड कापलेले. चष्मा नव्हता. मावशीने मान वळवली नाही. ताई नुसती बसून राहिली, दाराशी बसते तशी.

बऱ्याच वेळाने मावशीचा हात सरकत आला आणि ताईच्या मनगटाला लागला. सदऱ्याच्या बाहीचं बटण सैल झालं होतं, एका दोऱ्यावर लोंबत होतं. हे मात्र ताईने तोडलेलं नव्हतं, आपोआप उसवलं होतं, आणि तिला तिकडे बघायला सवड झाली नव्हती. मावशीची बोटं त्या बटणापाशी थांबली. त्यांनी त्याची भोकं मोजली.

मग म्हाताऱ्या बाईने उजव्या हाताची दोन बोटं उचलून ओठांशी नेली आणि नसलेल्या दोऱ्याचं टोक ओलं केलं. नसलेल्या सुईचं नाक नखाशी टेकवलं. पहिल्याच खेपेला ओवलं. ताईचा हात तिने आपल्या मांडीवर घेतला, बाही नीट पसरली आणि टाके घालायला लागली. वर, खाली, वर, खाली. प्रत्येक वेळी हात दोऱ्याच्या लांबीइतका दूर जायचा आणि परत यायचा. दर टाक्याला दोरा थोडा आखूड व्हायचा. रांगेतले लोक बघत होते. एक जण दुसऱ्याला कोपराने ढोसून हसला. मावशीने बटणाच्या बुडाशी तीन वेढे घेतले, गाठ मारली, वाकून बाहीशी तोंड नेलं आणि हवेत दात मिटले.

तिने अंगठ्याने बटण दाबून पाहिलं. डोळे ताईच्या जरा बाजूला रोखून विचारलं, "बसलं का गं?"

समोरून मुलगा औषधाची पिशवी घेऊन येत होता.

"बसलं, मावशी," ताई म्हणाली. "पक्कं बसलं."

मावशीने मान हलवली आणि तिचा हात सोडून दिला. मुलाने तिला दंडाला धरून उठवलं, सुनेने गाऊनचा घोळ सावरला, आणि ती दोघांच्या मधून चालत बाहेर गेली.

ताईला त्या दिवशी अजून दोन घरी जायचं होतं. ती रस्त्याने निघाली ती डाव्या मुठीत उजवं मनगट धरून, बटण पडू नये म्हणून.